होडी डावीकडे का जायची

कुणाची ओळख करून दिली की आमचे मिस्त्री त्याचं नाव, गाव, धंदा विचारत नसत. डोळे बारीक करून क्षणभर त्याच्याकडे बघत आणि मनातल्या मनात त्याचं लाकूड ठरवत. माणूस गेल्यावर निकाल जाहीर होई. दूधवाला बाभूळ होता, म्हणजे काटेरी पण भरवशाचा. त्यांचा स्वतःचा मेहुणा शेवगा होता. "शेंगा खा, खोडावर चढू नका." आमच्या कॉलेजचे प्राचार्य एकदा चहाला आले होते, ते निलगिरी ठरले. "उभं हाय तवर सरळ दिसतं. कापून वाळलं का पिळतं." प्राचार्यांचा पुढे मला जो अनुभव आला तो सांगायची ही जागा नव्हे, पण निदान चुकलं नव्हतं.

एकदा धीर करून मी विचारलं, "आणि मी?"

"तुमी प्लायवूड, मॅडम," मिस्त्री म्हणाले. "शिकलेली मान्सं समदी प्लायवूड. थरावर थर, थरावर थर. वाईट नसतंय. पर पाण्यात घातल्याबिगर समजत न्हाई."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मी मूळची पिंपळवंडीची. घोडेगावच्या बाजूला एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायला लागले तेव्हा शिनोलीत या मिस्त्रींच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली आणि तीन वर्षं तिथे राहिले. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी दोनच अटी घातल्या. भिंतीत खिळा मारायचा नाही आणि दार आपटायचं नाही. "दार आपटलं का त्याची बिजागरी माझ्या कानात वाजती," असं कारणही दिलं. मला ती बोलायची पद्धत वाटली. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला मिस्त्री हातात पाचर घेऊन दारात उभे. माझ्या खाटेचा उजवा पाय कुरकुरत होता आणि तो त्यांना भिंतीपलीकडून ऐकू येत होता. पाचर ठोकली, खाट हलवून बघितली, मान डोलावली आणि मी अजून पुरती जागी व्हायच्या आत निघून गेले.

तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या घरात होतं. अंगाने चांगले भरलेले, पोट पुढे, आणि हात मात्र लांब, सडपातळ, जणू दुसऱ्याकडून मागून आणलेले. उभ्या हयातीत त्यांनी शर्यतीचे बैलगाडे बनवले. जुन्नर-आंबेगावात त्यांचा गाडा ज्याच्याकडे आहे तो माणूस घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, जरा छाती काढूनच उभा राहायचा. मापाला त्यांना पट्टी लागत नसे. हात, वीत आणि बोट, एवढंच त्यांचं दप्तर. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात, हाताच्या दोन विती, वितीची बारा बोटं. मी त्यांना माझी स्टीलची पट्टी देऊ केली तर म्हणाले, "ही पोरांना मारायला ठेवा."

मला खोलीत भांड्यांसाठी फळी हवी होती. मिस्त्रींनी आधी भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "हात वर करा." मी केला. "आता डबा काढताय असं समजा." मी समजले. तेवढ्यावर खूण केली आणि फळी बसवली. अशी की मी डोळे मिटून साखर काढावी. पुढच्या महिन्यात माझी आई राहायला आली. ती माझ्यापेक्षा चांगली टीचभर बुटकी. बिचारी बादली पालथी घालून तिच्यावर उभी राहून साखर काढू लागली. मिस्त्रींकडे तक्रार गेली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ती फळी तुमच्या लेकीची हाये. तुमाला तुमच्या हाताची दुसरी ठोकतो." आणि खरंच ठोकली. तेव्हापासून माझ्या खोलीत साखर खाली आणि चहापावडर वर असा कारभार सुरू झाला.

त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचे. काकू महाळुंगे पडवळच्या. अंगाने काटकुळ्या, जिभेने तिखट. मिस्त्रींच्या लाकूडशास्त्रात काकू कुठे बसतात असं मी एकदा विचारलं. मिस्त्री काही बोलायच्या आत काकूच आतून म्हणाल्या, "मी करवत." मिस्त्री हसले, पण जरा जपून हसले.

या माणसाच्या आयुष्यात एकच काटा होता आणि तो म्हणजे एक होडी.

डिंभ्याच्या धरणाचं पाणी चढलं आणि पलीकडच्या एका वाडीची वाट पाण्याखाली गेली. फिरून यायचं तर अर्धा दिवस मोडायचा. तिथल्या मुलांची शाळा अलीकडे, दवाखाना अलीकडे, बाजार अलीकडे. होडी पाहिजे, पण या भागात होडी बनवणारा कोण? लोक मिस्त्रींकडे आले. म्हणाले, तुमचा गाडा वाऱ्यासारखा पळतो, मग होडी का तरंगणार नाही? हे तर्कशास्त्र मिस्त्रींना पटलं. पंचवीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. जून तोंडावर आला होता. त्यांनी आठ दिवसांत दहा हात लांब, तीन हात रुंद लाकडी होडी उभी केली. फटींत कापूस आणि डांबर भरलं. होडी ट्रॅक्टरवर घालून पाण्याशी नेली, नारळ फोडला आणि ती तरंगली. गळलीसुद्धा फारशी नाही.

पण सरळ जाईना. दोन्ही वल्ही सारखी मारली तरी तिचं नाक हळूहळू डावीकडे वळायचं. सावरली नाही तर वाडीच्या उताराऐवजी डाव्या अंगाच्या खडकाशी जाऊन उभी राहायची. सगळ्या पंचक्रोशीला आयताच विनोद मिळाला. कुणाचं लग्न जमता जमता मोडलं तरी लोक म्हणत, मिस्तरींच्या होडीत बसलं व्हतं.

होडी चालवायला वाडीतलाच एक तिशीचा माणूस नेमला होता. डोंगरातला, भात-नाचणी करणारा, मितभाषी. त्याने दुसऱ्याच दिवशी येऊन सांगितलं, "मिस्तरी, होडी डावीकडं वढती."

मिस्त्री म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

झालं. एवढ्या चार शब्दांवर दोघांचं बोलणं बंद झालं ते पंचवीस वर्षं. मिस्त्रींना कधी वाडीला जायची वेळ आली तर ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर डोंगराला वळसा घालून जात, पण त्या माणसाच्या होडीत पाय ठेवत नसत. जाताना पाण्याकडे बघत नसत असं काकू सांगायच्या. मला तर वाटतं, सगळा वेळ तिकडेच बघत असणार.

पुढे लाकडी होडी थकली आणि ग्रामपंचायतीने फायबरची आणली. तिला इंजिनही येणार होतं. ते अजून यायचं आहे. तोवर वल्हीच. आणि इथे नियतीने मिस्त्रींना लाडू भरवला. त्याच होडीवाल्याच्या हातात ती नवीकोरी, साच्यातून काढलेली होडी उजवीकडे जायला लागली! मिस्त्रींनी त्या दिवशी आळीत पेढे वाटले. "सरकारी होडी बी वाकडी का आता? आं? सांगा की राव!" गावात दोन पक्ष पडले. एक म्हणे होडी वाकडी होती, दुसरा म्हणे होडीवाल्याचाच हात वाकडा. वाद मिटायचा तर जुनी होडी मोजायला हवी होती. पण तिच्या फळ्या कधीच कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या चुलीत गेल्या होत्या.

मी राहायला जाऊन दोन वर्षं झाली त्या दिवाळीत होडीवाल्याने सांगितलं की आता त्याला होडी चालवणं नको. वय झालं असेल, असं लोक म्हणाले. संक्रांतीनंतरच्या रविवारी पाण्याच्या काठावर त्याचा सत्कार करायचा ठरलं. तरुण मंडळींनी कार्यक्रमाला नाव दिलं आणि ते व्हॉट्सॲपवर फिरलं: 'वाकडी होडी, सरळ माणूस'.

कुणीतरी मोबाईल आणून ते मिस्त्रींना दाखवलं. मिस्त्रींनी दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "बरं झालं. मी बी येतो. होडी घिऊनच येतो."

दुसऱ्या दिवसापासून पडवीत काम सुरू झालं. ती जुनी होडी जशीच्या तशी, पण लहान करून बनवायची. प्रमाण त्यांनी क्षणात ठरवलं: वितीला एक बोट. म्हणजे बारास एक. मला कागदावर करून बघावं लागलं. दहा हातांच्या विती वीस, म्हणून होडी वीस बोटं लांब. नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध ताणलेल्या दोरीपासून दोन्ही बाजूंना दीड-दीड हात होता, म्हणून तीन-तीन बोटं रुंद. "समद्या गावासमोर सोडतो पाण्यात. सरळ गेली का मग दूध का दूध आन् पानी का पानी," मिस्त्री म्हणाले. मालिका बघून त्यांना हे आलं होतं.

म्हणजे त्या माणसाच्या गळ्यात हार पडत असताना त्याला वल्हं मारता येत नव्हतं हे सिद्ध करायचं. मला ते मुळीच आवडलं नाही. काकूंना तर नाहीच. पण त्या अडीच महिन्यांत मिस्त्रींचं काम बघताना माझा राग टिकत नसे, हेही खरं. जुन्या होडीला आंब्याच्या फळ्या होत्या म्हणून हिलाही आंब्याच्याच, नखाएवढ्या जाडीच्या. त्या गरम पाण्यात भिजवायच्या, हाताने हळूहळू वाकवायच्या, दोऱ्याने बांधून दोन दिवस सोडून द्यायच्या. खिळे म्हणून टाचण्या, त्याही डोकी कापून. मूळ होडीत जेवढे खिळे, तेवढ्याच टाचण्या. बसायच्या तीन आडव्या फळ्या. पुढे दोर बांधायची कडी, ती सेफ्टीपिनची. जुन्या होडीच्या बाजूच्या तिसऱ्या फळीला एका जागी लाकडातली गाठ सुटून भोक पडलं होतं आणि तिथे पत्र्याचा तुकडा मारला होता. तर यांनी आधी भोक पाडलं आणि मग त्यावर पत्रा मारला.

"पत्रा नुसता चिकटवला तरी दिसेल की तसाच," मी म्हटलं.

"दिसंल. पर खाली भोक नसंल," मिस्त्री म्हणाले, आणि माझ्या थरांची कीव आल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

एकदाच माझी किंमत वाढली. होडीत आठ माणसं बसायची, तर नमुन्यातही आठ माणसांचं वजन पाहिजे. माणूस पंचावन्न किलोचा, त्याचा बारावा हिस्सा साडेचार किलो, असा हिशोब करून मिस्त्रींनी दगड तोलून ठेवले. पहिलाच दगड ठेवला आणि होडी पाण्याच्या टपाच्या तळाशी गेली. मिस्त्रींचा चेहरा बघवेना. मग मी त्यांना समजावलं की लांबी बारापट कमी, रुंदी बारापट कमी, उंचीही बारापट कमी, तेव्हा वजन बारा गुणिले बारा गुणिले बारा इतकं कमी. म्हणजे एक माणूस जेमतेम तीस-बत्तीस ग्रॅम.  मिस्त्री उठून आत गेले आणि काकूंच्या टोपलीतून आठ लहान लिंबं घेऊन आले. लिंबं बसली, होडी थोडी दबली आणि ऐटीत तरंगली.

"प्लायवूड बी कामाला येतंय," मिस्त्री म्हणाले. माझ्या बी.एड.च्या प्रमाणपत्रापेक्षा मला ते मोठं वाटलं.

"माझी लिंबं उन्हाळ्याआधी परत पायजेत," काकू म्हणाल्या.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी, वारा सुटायच्या आत, शेजाऱ्यांच्या शेततळ्यावर चाचणी झाली. काठावर मिस्त्रींनी एक लाकडी पन्हाळ बसवली होती, म्हणजे होडी घसरत पाण्यात उतरावी आणि प्रत्येक वेळी तिला सारखाच रेटा मिळावा. आठ लिंबं बसवली. होडी सुटली. तळ्याच्या मधोमध, दोरी ओढल्यासारखी सरळ, समोरच्या काठाला जाऊन टेकली. पुन्हा सोडली, पुन्हा सरळ. दहा वेळा सोडली, दहा वेळा सरळ. मिस्त्रींनी टोपी काढून हवेत उडवली आणि ती तळ्यात पडली. तीही काढायचं त्यांना सुचेना. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. सत्तरीचा माणूस इतका खूष झालेला मी पाहिला नव्हता, आणि क्षणभर मीही होडीवाल्याला विसरले.

त्या दुपारी मी पडवीत तीळगूळ खात बसले होते. काकू होडीतून लिंबं काढून घेत होत्या. मिस्त्री रविवारी काय बोलायचं ते मला म्हणून दाखवत होते. काकू सहज म्हणाल्या, "आता बरं हाय, टेबलावर ठिवली का दोन्हीकडून हात जातोय. तवा मला घातली व्हती त्या फटीत. कोळीष्टकं समदी डोक्यात."

"कुठल्या फटीत?" मी विचारलं.

"अवो, ती होडी केली तवा. पालथी घातलेली. डावी बाजू भिताडाकडं. मधी फट एवढीशी. ह्यांचं पोट जाईना आत. मग मला घातलं. हे हिकडून वरडायचे, दीड हात! मी तिकडून दीड हात मापून कोळशाची रेघ मारायची. एक न्हाई, समद्या फासळ्यांना."

मिस्त्रींचं भाषण थांबलं. त्यांनी काकूंकडे बघितलं. मग उठून त्यांच्याजवळ गेले आणि त्यांचा उजवा हात धरून कोपर टेबलावर टेकवलं. शेजारी आपलं कोपर टेकवलं. दोन्ही हात एकमेकांना लागून उभे राहिले. काकूंच्या मधल्या बोटाचं टोक मिस्त्रींच्या बोटाच्या टोकापासून दोन बोटं खाली संपत होतं.

"काय वो हे, मॅडमसमोर!" काकू लाजून म्हणाल्या.

माझ्या डोक्यात गणित होऊन गेलं होतं. हाताला दोन बोटं कमी, तर दीड हाताला तीन. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या होडीची डावी बाजू उजवीपेक्षा तीन बोटं अरुंद होती. उजवीकडे फुगलेली होडी डावीकडे वळणारच. गाड्याच्या कामात असं कधी झालं नसतं. एका कामाला एकच हात, दुसऱ्याचं माप त्यात घ्यायचं नाही, हा सुतारांचा पहिला धडा; मिस्त्रींनी स्वतः किती जणांना तो शिकवला होता. पण जून तोंडावर आला होता, पोट फटीत जात नव्हतं, आणि बायकोचा हात हा काही दुसऱ्याचा हात आहे असं त्यांच्या मनातच आलं नाही.

मिस्त्री त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी होडी समोर घेऊन नुसते बसून राहिले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मिस्त्री, रविवारी होडी नेऊच नका. सत्काराला जा, जेवा आणि परत या. कुणाला काही कळणार नाही."

"मंग ही कशाची होडी?" ते म्हणाले. "आडीच महिनं घालवलं ते त्या होडीसाठी. ही ती होडी न्हाईच. ही दुसरीच कुठली तरी हाय."

त्यांनी कढत पाणी मागवलं, होडीची डावी बाजू भिजवली आणि चिमट्याने एकेक टाचणी उपसायला सुरुवात केली. अडीच महिन्यांचं काम ते शांतपणे उसवत होते. मला मात्र तिथे बसवेना. फळ्या सुटल्यावर त्यांनी काकूंना हाक मारली. काकू पिठाचे हात पुसत आल्या. "मधल्या दोरीपास्नं तीन बोटं. तुझी. खूण कर," मिस्त्री म्हणाले. काकूंनी आपली बारीक तीन बोटं ठेवून खूण केली. प्रत्येक फासळीला. मी स्टीलची पट्टी लावून बघितली: चार-पाच मिलिमीटर कमी. शनिवारी सकाळी बाजू परत बसली. शेततळ्यात सोडली. होडी निम्म्यात गेली आणि तिचं नाक हळूच डावीकडे वळलं, अगदी खात्रीने, घरची वाट माहीत असल्यासारखं. मिस्त्री चार वेळा बघून घरी आले.

"कुणाला काय सांगू नका," काकू त्यांना म्हणाल्या. "आयुष्यभर हसतील तुमाला."

मिस्त्री लिंबं मोजत बसले.

रविवारी पाण्याच्या काठावर मांडव होता. दोन्हीकडची माणसं आली होती. होडीवाल्याला मी पहिल्यांदा जवळून पाहिलं. पन्नाशी उलटलेला, सुकलेला, खांदे एका बाजूला जरा झुकलेले. शाल-नारळ झाला, भाषणं झाली. मग मिस्त्री उठले. होडीवाल्याने त्यांना पाहिलं आणि मान खाली घातली. मिस्त्रींनी काठावर पन्हाळ टेकवली, होडी ठेवली, लिंबं एकेक करून बसवली. लोक मोबाईल काढून उभे राहिले. खाडीसारख्या आत शिरलेल्या त्या भागात पाणी अगदी शांत होतं.

होडी सुटली. चार-पाच हात सरळ गेली आणि डावीकडे वळली.

एकच हशा झाला. शिट्ट्या वाजल्या. "मिस्तरी, वाकडीच की राव!" कुणीतरी ओरडलं. मिस्त्री तसेच उभे होते. हसणं ओसरेपर्यंत त्यांनी वाट बघितली. मग होडीवाल्याकडे वळून म्हणाले, "माप चुकलं व्हतं माझं. डावी बाजू तीन बोटं कमी व्हती. तुझा हात चांगला व्हता. पंचवीस वरीस तुला बोल लावला मी. चुकलं माझं."

 तेवढ्यात बायकांच्या रांगेतून काकू उभ्या राहिल्या. "खोटं बोलत्यात हे! ह्यांचं माप कवाच चुकलं न्हाई. डावी बाजू मी मापली व्हती, माझ्या हातानं. हसायचं तर मला हसा."

कुणी हसलं नाही. होडीवाला उठला. खांद्यावरची शाल तशीच. चपला काढून गुडघाभर पाण्यात गेला, गवताला लागलेली ती होडी उचलून घेतली आणि कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला. पत्र्याच्या ठिगळावरून त्याने अंगठा फिरवला. मग मिस्त्रींना म्हणाला, "ती डावीकडं वढायची म्हून मी डावं वल्हं जोरात मारायचो. सतरा-आठरा वरीस. हातच तसा झाला. मंग फायबरची आली, ती उजवीकडं जाया लागली. तुमी पेढे वाटले. मला वाटलं, मिस्तरी म्हणत्यात ते खरं हाय. माझ्यातच खोट हाय. पोरं बसत्यात होडीत, लहान पोरं. म्हून सोडली."

हे कुणालाच माहीत नव्हतं. वय झालं म्हणून सोडली असंच सगळे धरून चालले होते.  मिस्त्रींनी चेष्टेत म्हटलेलं एक वाक्य या माणसाने इतकी वर्षं उशाला घेतलं होतं. मला मिस्त्रींची दया आली आणि त्या क्षणी त्यांचा रागही आला, दोन्ही एकदम.

 मिस्त्रींनी चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि काठाला बांधलेल्या फायबरच्या होडीकडे चालू लागले. पंचवीस वर्षांत ते त्या माणसाच्या होडीत चढले नव्हते. काठावरच्या दोघा तरुणांनी दंडाला धरून त्यांना आत चढवलं. होडी एवढी कलंडली की बायका ओरडल्या. काकू मागून चढल्या, त्यांनी कुणाचा हात घेतला नाही.

"ये," मिस्त्री होडीवाल्याला म्हणाले. "वाडीला चल. हात तुझा चांगलाच हाय. फकस्त डाव्याला सांगाया पायजे, का ती जुनी होडी आता न्हाई."

होडीवाल्याने ती लहान होडी लिंबांसकट माझ्या हातात दिली, शाल कमरेला बांधली आणि वल्ही घेतली. होडी काठापासून सुटली आणि नाक उजवीकडे वळू लागलं. मिस्त्री त्याच्या समोर बसले होते. आम्ही सगळे काठावर उभे राहून बघत होतो.

"डावा हळू," मिस्त्रींचा आवाज आला. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "डावा हळू." मग आणखी पुढून, जरा बारीक होत, "आजून हळू. हां."

पाण्याच्या मधोमध गेल्यावर आवाज यायचा थांबला. आम्ही कान देऊन उभे होतो. काही ऐकू येत नव्हतं. होडी वाडीकडे सरळ चालली होती.